विशालची टाळू

भांडुपच्या आमच्या चाळीत एके काळी जन्मलेल्या बहुतेक सगळ्यांच्या डोक्यावरून सोनूबाईंचा हात फिरलेला आहे. त्यातले काही आता टकले झालेत, दोघं-तिघं आजोबा झालेत, एक तर नगरसेवक होता होता राहिला. पण सोनूबाई समोरून आल्या की हे सगळे जरा वाकून चालतात. ज्या बाईने आपल्याला तंगडीला धरून उलटं केलेलं असतं, तिच्यापुढे माणूस किती ताठ उभा राहणार?

बाळाला आणि बाळंतिणीला अंघोळ घालणं हे सोनूबाईंचं काम. कोणाकडे बाळ झालं की पेढे वाटायच्या आधी त्यांच्याकडे निरोप जायचा. माझ्या मिहिरच्या वेळी त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. मी तेव्हा टेलिफोन खात्यात नव्याने लागले होते, चार पुस्तकं वाचली होती आणि मला वाटायचं की मला सगळं कळतं. सोनूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मोरीत पाट मांडला, साडी गुडघ्यांवर घेतली, पाय लांब पसरले आणि माझं ते एवढंसं पोर आपल्या नडग्यांवर पालथं घातलं. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. मसुराचं पीठ सायीत कालवलेलं होतं ते चोळलं. पोर किंचाळत होतं आणि त्या त्याच्याशी मालवणीत गप्पा मारत होत्या, वाडीतल्या बायकांबद्दलच्या, अगदी नावं घेऊन.

अंघोळ झाली की टाळू भरायची. बाळाच्या डोक्यावर मध्यभागी जिथे हाड नसतं, नुसतं धडधडताना दिसतं, तिथे कोमट खोबरेल ओतायचं आणि ते जिरेपर्यंत दोन बोटांनी हलकेच थापत राहायचं. त्या वेळी सोनूबाई अजिबात बोलत नसत. मोरीत कोणी आलेलं त्यांना चालत नसे. मग ओवा-वेखंडाची धुरी, मग जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात बाळाची गुंडाळी, आणि मग माझी पाळी. पाठ, कंबर, पोटऱ्या. त्यानंतर मी जी झोपायचे ती झोप मला पुन्हा कधी मिळाली नाही. आज माझ्याकडे महागाची गादी आहे, एसी आहे आणि झोपेची गोळीही आहे. ती झोप नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांची मला इतकी आठवण येते की कधीकधी रागच येतो.

सोनूबाईंचा स्वतःचा एक सिद्धांत होता. प्रत्येक घरात त्या तो एकदा सांगून टाकत. "अर्धा डोक्या आवशी-बापाशीचा, अर्धा माझ्या हाताचा." आई-बाप देतील ते देतील, उरलेलं आपण तेलाने भरून काढायचं. त्यांची भाकितंही असत. मिहिरचं कपाळ चाचपून त्यांनी जाहीर केलं होतं की हा कलेक्टर होणार. सासूबाई इतक्या खूश झाल्या की सोनूबाईंना त्या दिवशी दोनदा चहा मिळाला. मिहिर आज एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे, बायको-मुलांत सुखी आहे आणि कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या तो फक्त एसी बसवायला चढलाय. सोनूबाईंची भाकितं ही अशी. पण त्यांच्या तोंडावर ते बोलायची कोणाची छाती नव्हती.

त्यांच्या बरोबर त्यांचा मुलगा यायचा, विशाल. तेव्हा पाचेक वर्षांचा असेल. लांबट चेहरा, मोठे कान. सोनूबाई म्हणायच्या की मोठे कान भाग्याचे. त्याला धड बोलता येत नव्हतं. आपण काही विचारलं की आपल्याच वाक्यातला शेवटचा शब्द तो दोन-तीनदा म्हणायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा. आनंद झाला की हात झटकायचा. आमच्या उंबऱ्यावर बसून तेलाच्या बाटलीचं झाकण लावत आणि काढत बसायचा, तासभर, कुणाला त्रास न देता. पुढे म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातला, पण दुसरीपलीकडे तो गेला नाही. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की याला घरीच ठेवा. चाळीतल्या पोरांनी त्याला काय काय नावं ठेवली ती मी इथे लिहिणार नाही. त्यातला एक आमचाही होता आणि त्याने माझ्या हातचा मार खाल्लाय.

विशाल असा का, हे सोनूबाईंनी मला मिहिरला अंघोळ घालताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांचे यजमान हरेश्वर गिरणीत होते. विशाल झाला तेव्हा संप चालू होता आणि घरात चूल पेटायची मारामार. रिवाज असा की बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही आणि दुसऱ्याच्या बाळाला तर हात लावतच नाही. पण मुलुंडला एका मोठ्या घरात जुळं झालं होतं, त्यांना सोनूबाईच हव्या होत्या. विशालचं बारसं व्हायच्या आधीच त्या उठल्या आणि कामाला लागल्या. विशालला घरी नणंद अंघोळ घालायची. नणंद कामात घाईची, टाळूवर तेल टाकलं की झालं, जिरलं की ओघळलं ते कोण बघतंय. "दोन परक्या पोरांची टाळू भरली वयनीनू, आणि माझ्या झिलाची रिकामी रवली," एवढं बोलून त्यांनी मिहिरवर तांब्या ओतला. हरेश्वरांनी बायकोला कधी हात लावला नाही, पण दारू प्यायले की एकच वाक्य म्हणायचे, आमच्या घराण्यात असा कोणी नव्हता.

पुढे काही वर्षांनी सोनूबाईंना पुन्हा दिवस गेले. नेमके त्याच सुमाराला मलाही. मी गृहीत धरलं होतं की आमच्याकडे त्याच येणार. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. आपलं मूल बसायला लागेपर्यंत कोणाच्याही घरी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी इतकी भडकले की महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या दीप्तीला कोण्या दुसऱ्या बाईने अंघोळ घातली, तिने तिच्या नाकात पाणी घातलं, कानात साबण घातला आणि टाळूचं तर नावच नको. तिकडे सोनूबाई आपल्या अक्षताला रोज सकाळ-संध्याकाळ मांडीवर घेऊन बसत. तेल जिरल्याशिवाय उठत नसत. शेजारणी हसायच्या की ही पोरीला तळणार आहे.

अक्षता हुशार निघाली. अशी तशी नाही, शाळेत पहिली, दहावीला भांडुपमध्ये बॅनर लागला एवढी. आता ती एका औषध कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. बॅनर लागला त्या दिवशी सगळी चाळ सोनूबाईंचं अभिनंदन करत होती आणि सोनूबाईंचं तोंड मात्र उतरलेलं होतं. त्यांना पुरावाच मिळाला होता. हिची टाळू भरली, ही हुशार. त्याची नाही भरली, तो तसा. आता शंकेला जागा उरली नाही.

मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, सोनूबाई, माझ्या दीप्तीच्या डोक्याला तुमचं बोटही लागलेलं नाही आणि तीही अक्षताच्या बरोबरीने मार्क काढते, मग त्याचं काय? त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घराण्यातच असतला, वयनीनू." मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याचं मूल हुशार निघालं की ते रक्तातून आलं आणि मठ्ठ निघालं तरी रक्तातूनच आलं. स्वतःच्या घरी मात्र सगळा हिशेब हाताचा. स्वतःशी होत्या एवढ्या कडक सोनूबाई इतर कोणाशीही नव्हत्या.

आणि त्यांनी हात थांबवला नाही. विशाल मोठा झाला, त्याला मिशी आली, पुढे केसांत पांढरं आलं. रोज सकाळी तो पाटावर येऊन बसायचा आणि सोनूबाई त्याच्या डोक्यावर मधोमध तेल ओतून दोन बोटांनी थापत राहायच्या. तिथलं हाड कधीच जुळलेलं होतं हे काय त्यांना माहीत नव्हतं? आख्ख्या भांडुपात त्यांच्याइतकं ते कोणाला माहीत होतं? पण एवढ्या वर्षांत थोडं जरी आत उतरलं असेल तर, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी दाराशीच उभी होते, आत न जाता तशीच मागे फिरले.

विशाल अल्पेशच्या लाँड्रीत कामाला लागला. घड्या घालण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इस्त्रीचे गठ्ठे घरोघर पोचवतो. त्याला नाव वाचता येत नाही, पण कुठला गठ्ठा कुठल्या दाराचा हे चुकत नाही, कारण लहानपणी आईच्या बोटाला धरून त्याने ही सगळी दारं पाहिलेली आहेत. दार उघडलं की तो खाली बघून म्हणतो, कपडे, कपडे, कपडे. गल्लीतली नवी माणसं आधी दचकतात. आठवड्याभरात सवय होते आणि मग एखाद्या दिवशी तो आला नाही तर फोन करून विचारतात.

आमची चाळ पडली, टॉवर झाला; त्याची नवी दारंही विशालने लगेच पाठ केली. आता बाळ झालं की ॲपवरून बाई येते, ग्लोव्ह्ज घालते, मसाजचं तेलही बदामाचं की ऑलिव्हचं ते आधी विचारते. डॉक्टर सांगतात की टाळूला काही लावू नका, कानात-नाकात तर तेल मुळीच नको, आणि त्यांचं बरोबरच असेल. सोनूबाईंना कोणी बोलावत नाही. त्या खाली बागेत बाकावर बसतात आणि बाबागाडीतलं प्रत्येक बाळ लांबून न्याहाळतात. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. आमच्या मोऱ्या, धुरीचा वास, कुणाचं पोर किती रडकं होतं, याच्यावर आमची संध्याकाळ जाते. आम्हा दोघींना दुसरं काही सुचत नाही आणि नकोही असतं.

गेल्या वर्षी अक्षता माझ्याकडे आली. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, दहिसरला असते, आणि आता दिवस गेले होते. मी तिला मिठी मारली तर ती रडायलाच लागली. तिच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांची माहिती विचारताना दादाचं विचारलं होतं. त्याच्या चेहऱ्याची ठेवण, बोलण्याची तऱ्हा, हात झटकणं, सगळं ऐकून त्यांनी तिला जनुकांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे सांगितलं की हा एक ठराविक दोष असू शकतो, तो आईकडून येतो, मुलीत कदाचित दिसणारही नाही, पण तिच्या बाळात उतरू शकतो. आधी दादाचं आणि आईचं रक्त तपासायला हवं, बरोबरीने तिचंही.

मला वाटलं ती बाळासाठी घाबरलीय. ती होतीच. पण तिला त्याहून जास्त भीती आईची होती. "काकू, आयुष्यभर ती हाताला दोष देत बसली. आता तिला सांगू की हे तिच्या रक्तातूनच आलंय? मरेल ती." मग तिने जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. लहानपणापासून पहिला नंबर आला की तिला दादाकडे बघवायचं नाही. आई एकदा रागात बोलून गेली होती की त्याच्या वाटणीचं तेलही तुझ्याच डोक्यात गेलं. अक्षता म्हणाली, की मी जे काही शिकले ते मला चोरीचं वाटत आलंय.

मी तिला चांगलीच झापली. मरत-बिरत कोणी नाही, म्हटलं, उलट तुझी आई सुटेल. चाळीस वर्षं नसत्या गुन्ह्याची शिक्षा भोगतेय, तिला कोणीतरी सांगायला नको का की तू निर्दोष आहेस? मला त्याची इतकी खात्री होती की मीच खाली बागेत गेले आणि सोनूबाईंना सांगायला सुरुवात केली. बाळासाठी तपासणी आहे एवढं ऐकल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. विशालला सुई टोचताना त्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही चौघं गेलो. जनुकांची डॉक्टर शर्मिष्ठा, वयाने माझ्या दीप्तीएवढी मुलगी. तिने आधी अक्षताला सांगितलं की तुझ्यात तो दोष नाही, तुझ्या बाळाला तुझ्याकडून तो जाणार नाही. अक्षताने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मग डॉक्टर सोनूबाईंकडे वळली. सावकाश, सोप्या भाषेत तिने सांगितलं, की आईकडे प्रत्येक गोष्टीचे दोन धागे असतात, त्यातला एक मुलाला मिळतो. तुमचा एक धागा कमजोर आहे. तो विशालला मिळाला, दुसरा अक्षताला. कोणाला कुठला मिळावा हे कोणाच्या हातात नसतं.

मग तिने विचारलं की माहेरी असं कोणी होतं का. सोनूबाई म्हणाल्या की त्यांचा धाकटा भाऊ तसा होता. देवगडला, म्हशी राखायचा. पण तो लहानपणी तापाने तसा झाला, असं घरी सगळे म्हणत. त्यांची आई मरेपर्यंत स्वतःला शिव्या देत होती की मी पोराचा ताप अंगावर काढला. डॉक्टर म्हणाली की ताप आला असेल, पण त्याच्यामुळे झालं नसावं. त्यांच्या आईचंही काही चुकलं नसावं.

मी सोनूबाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मला तिथे सुटका दिसायला हवी होती. त्याचसाठी तर मी आले होते.

त्यांनी डॉक्टरला विचारलं, "म्हंजे मी घराक रवलंय असतंय, रोज टाळू भरली असती, तरी तो असोच झालो असतो?"

"हो आजी. असाच. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

आणि मग त्या भल्या मुलीने आणखीही सांगितलं. म्हणाली, अशी पुष्कळ मुलं परक्या माणसाचा स्पर्श सहन करत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत. हा नोकरी करतो, वीस इमारती पालथ्या घालतो, त्या दिवशी सुई टोचली तर हलला नाही. धागा विशालला जन्माने मिळाला, हे सगळं मात्र तुम्ही दिलंत. तिचं बोलणं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्षता तर हुंदके देत होती. मला वाटलं, झालं, चाळीस वर्षांचं ओझं उतरलं.

सोनूबाई डॉक्टरकडे बघतच नव्हत्या. विशाल खुर्चीत बसून आपल्या शर्टाच्या टोकाची घडी घालत होता, सरळ, काठाला काठ जुळवून. एक घडी झाली की तो ती मोडायचा आणि पुन्हा घालायचा. केसांतलं पांढरं कानांपर्यंत उतरलेलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि बोलल्या तेव्हा आवाज इतका हळू होता की डॉक्टरला पुढे वाकावं लागलं.

"मगे इतकी वर्सां मी खंयच्या विशालची वाट बघत होतंय?"

विशाल आपलं नाव ऐकून थांबला, शर्ट सोडला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, विशाल, विशाल. सोनूबाईंनी खुर्ची त्याच्या बाजूला ओढली आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघायला लागल्या. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता, डॉक्टरने मान हलवून त्याला थांबायला सांगितलं. कितीतरी वेळ सोनूबाई तशाच बघत बसल्या होत्या.